नाव दोऱ्यानं भरायचं

नाव भरायची वेळ आली तेव्हा कुठं शिवरंजनीनं त्या यादीचा माथा वाचला. तीन दिवस तो कागद तिच्या शिवणाच्या डब्यात पडून होता. रंगीत पेन्सिली बारा, तेलखडू चोवीस, ब्रश तीन, कात्री बोथट टोकाची, हे सगळं तिला एव्हाना तोंडपाठ झालं होतं. खाली ठळक अक्षरात सूचना होती, की चित्रकलेचं हे सामान ठेवायला गुंडाळून बांधता येईल असा कापडी पाऊच आणावा, विकतचा चालणार नाही, आईने स्वतः हाताने शिवलेला असावा, आणि त्याच्यावर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव दोऱ्याने भरलेले असावे. सोलापूरच्या शाळेची ही सगळी थेरं, असं म्हणून ती हसली होती आणि कापड काढायला ट्रंकेकडं वळली होती. वरच्या रेघेवर तिची नजर गेली नव्हती. तिथं पोरीचं नाव असणार हे माहीतच होतं, आणि माहीत असलेलं कोण वाचत बसतं? आज जेवणं उरकल्यावर, पाऊच जवळजवळ शिवून होत आला तेव्हा, नाव मराठीत भरायचं की इंग्रजीत हे बघायला तिनं कागद खिडकीच्या उजेडाकडं धरला. निळ्या पेननं, जाऊबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : कु. निकिता नागप्पा बिराजदार.

पहिल्यांदा तिला हसूच आलं. नागप्पा म्हणजे तिचे थोरले दीर, सोलापुरात पंपांचं दुकान असलेले; पोरगी आता शाळेसाठी त्यांच्याच घरी राहणार होती. पोरीच्या बापाचं नाव विरेश. महादेवीअक्कांनी हात सवयीनं चालवला असणार. बाईमाणसाला कशाहीपुढं नवऱ्याचं नाव लिहायची इतकी सवय, की गॅसच्या कार्डापासून लग्नाच्या आहेरापर्यंत तेच उमटतं. पण हसू अर्ध्यावर थांबलं. उद्या अकरा वाजता तिला विरेशबरोबर रजिस्ट्रारच्या कचेरीत जायचं होतं. नवीन शाळेच्या कागदावर आईबाप दोघांच्या सह्या लागतात, असं विरेश म्हणाला होता, आणि ती व्हय म्हणाली होती. शाळेच्या कागदाला रजिस्ट्रार कशाला लागतो, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. का आलं नाही? दहावी झालेली बाई ती, नवऱ्याचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान, खरेदीखत, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र हे शब्द घरात डाळमिठासारखे. तिच्या हातातल्या सुईत दोरा ओवलेला होता, आणि ती सुई तिनं उगाच पुन्हा उजेडात धरून बघितली. मग फोन उचलला.

“अहो, अक्कांनी नाव चुकीचं लिव्हलंय की.”

“कशावर?”

“पोरीच्या यादीवर. बापाच्या जागी भावजींचं नाव हाय.”

पलीकडं झेरॉक्सच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. विरेशनं कुणाला तरी “पाठपोट काढू का?” असं विचारलं, आणि मग तो तिच्याशी बोलला. त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी होता तितकाच मऊ होता. “चुकीचं न्हाय ते. उद्या दत्तकाचा कागद झाला की तेच नाव लागंल.”

“दत्तक?”

“असं काय करतीस? तुला म्हाईत हाय की. बारशाला तूच तर बसवलीस तिला वहिनीच्या मांडीवर.”

“ते अक्कांची कूस उजवावी म्हणून.”

“व्हय, पण न्हाय उजवली ना. आता पंचेचाळिशीत काय उजवणार.” मशीन थांबलं. “हे बघ, पोरगी काय दुसऱ्याच्या घरी चालली का? आजोबा तेच, आडनाव तेच. गर्दी हाय लई, घरी आल्यावर बोलू. अप्पांना काय बोलू नकोस, बीपी हाय त्यांना.” आणि त्यानं फोन ठेवला. रागावून ठेवला असता तर बरं झालं असतं.

झोळीत धाकटी तनू झोपली होती. दोरी शिवरंजनीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, आणि पाय आपसूक हलत होता. तिनं पाऊच पुन्हा मांडीवर घेतला, कारण दुसरं काय करायचं ते तिला कळेना. तसं बघायला गेलं तर त्या पाऊचमध्ये काही नव्हतं. हातभर लांब, दोन वीत रुंद कापड. खालची कड वर दुमडायची, दुमडलेल्या पट्टीवर बोटाबोटाच्या अंतरानं उभी टीप घालायची की झाले कप्पे. वरची कड झाकणासारखी खाली आली पाहिजे, म्हणजे पेन्सिली सांडत नाहीत. एका टोकाला नाडी. मशीनवर हे काम तासाचं. पण हातानं असावा अशी सूचना होती, आणि शिवरंजनी सूचना पाळणाऱ्यातली. आतून मांजरपाट लावला होता. बाहेरून तिच्या आहेरातली निळी इरकल, जिचा पदर फाटला होता पण अंग अजून घट्ट होतं. साबणाच्या चिपटीनं रेघा मारल्या होत्या. पेन्सिली एकेक करून कापडावर ठेवून तिनं मापं घेतली होती, आणि त्यातली तपकिरी पेन्सिल अंगठ्याएवढी उरलेली होती, कारण निकिता म्हैसही तपकिरी रंगवायची, ढेकळंही तपकिरी आणि माणसांची तोंडंही तपकिरीच. ती बुटकी पेन्सिल नेहमीच्या कप्प्यात गेली असती तर तळाला जाऊन बसली असती, दोन बोटांनी निघाली नसती. म्हणून शिवरंजनीनं त्या एका कप्प्याला मधेच आडवी टीप घालून तो उथळ केला होता. काल रात्री विरेशला तो दाखवताना तिला केवढा अभिमान वाटला होता. तो म्हणाला होता, झकास. उद्याचा कागद तेव्हा त्याच्या दुकानात टाइप होऊन पडलेला असणार.

अक्का नवीन पेन्सिली घेणार, हे तिला आता सुचलं. नवीन शाळा, नवीन डबा, बाराच्या बारा सारख्या. मग ती लांब तपकिरी पेन्सिल त्या उथळ कप्प्यात मावायची नाही, सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी राहील, झाकण नीट बसणार नाही. या विचारानं शिवरंजनीला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली. अक्कांना सुई धरता येत नाही. बटण लावायलासुद्धा त्या शिंप्याकडं पाठवतात. ‘आईने स्वतः शिवलेला’ असं वाचून त्यांनी यादी इकडं लावून दिली, ती काही कपटानं दिली नाही. फोनवर म्हणाल्या, “तुझा हात लई गोड हाय गं, रंजा, मला कुठलं येतंय.” शाळेत त्या पाऊच दाखवतील आणि बाई विचारतील, आईनं शिवला का? निकिता मान हलवेल. ते खोटंही नसेल, आणि खरंही नसेल, आणि त्याची चर्चा तिथंच संपेल.

मांडीवर बसवलेलं ते तिला पुन्हा पुन्हा आठवू लागलं. आठवायचं नाही म्हटलं तरी. तनूच्या बारशाला अणदूरहून आई आली होती, भाऊ आला होता, आणि पाळण्याचं सगळं झाल्यावर बायकांनी अक्कांना पाटावर बसवलं. ज्या बाईला मूल नाही तिची ओटी भरताना भरल्या घरातलं एक मूल तिच्या मांडीवर ठेवतात. ते मूल तिथं बसलं की मागून तिचं स्वतःचं येतं, असं म्हणतात. तनू वीस दिवसांची, कापसाच्या पुंजक्याएवढी, तिला कोण ठेवणार? शिवरंजनीनंच निकिताला काखेत धरून उचललं होतं आणि अक्कांच्या मांडीवर ठेवलं होतं. नारळ, खारीक, हळकुंड, वर खण. निकिताला खारीक हवी होती, तिनं ओटीत हात घातला आणि बायका हसल्या. एवढंच झालं होतं. लग्न ठरताना सुपारी फोडतात, बैल विकताना हातावर हात ठेवतात, तसं काही त्यात नव्हतं. पण आता दोन वर्षं झाल्यावर सगळे त्या मांडीकडं बोट दाखवत होते, आणि तिथं निकिताला ठेवणारे हात कुणाचे होते ते ती नाकारू शकत नव्हती.

आणि मांडीचंच असतं तर ती भांडली असती. तिला खरं खुपत होतं ते दुसरंच. बारशाच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत बसून ती तनूची दुपटी धूत होती. टाक्यांची जागा ठणकत होती, सगळी रात्र डोळ्याला डोळा नव्हता, आणि निकिता, सात वर्षांची घोडी, कंबरेला मिठी मारून “मलाच घे, तिला ठेव” म्हणून भोकाड पसरून बसली होती. अक्का दारात उभ्या होत्या. तेव्हा शिवरंजनी म्हणाली होती, “अक्का, घेऊन जावा हिला. तुमचीच हाय.” असं सगळ्याच बोलतात. भाजीवालीलासुद्धा बोलतात, ने गं बाई याला. ऐकणारी हसते, पोराला भीती घालते, संपलं. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी निकिताचा हात धरला, तिला उठवलं आणि बाहेर घेऊन गेल्या; आणि रडणं दूर दूर जात थांबलं तेव्हा शिवरंजनीला हलकं वाटलं होतं. खूपच हलकं. ओल्या भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले होते आणि मनात म्हणाली होती, सुटले. तो शब्द तिनं कुणापुढं उच्चारला नव्हता. पण अक्कांनी तो तिच्या तोंडावर वाचला असेल का? आपण आतून दिलेलीच होती का पोरगी, आणि कागद फक्त मागून आला?

नाही, असं नव्हतं. तिनं सुई इतक्या जोरात ओढली की दोरा तुटला. थकलेल्या बाईच्या मनात काय काय येतं, त्याचा कुणी दस्त करतं का? पुढं दर सुट्टीला निकिता सोलापूरला जायची, नवे फ्रॉक घेऊन यायची, आणि एस्टीतून उतरली की पळत येऊन हिच्या पोटात डोकं खुपसायची. या सुट्टीत तेवढी ती घरीच होती; आताही शाळेसाठीच जाणार, दिवाळीला येणार, असंच शिवरंजनी धरून चालली होती. कुणी तिला फसवलं होतं का? नीट बघितलं तर कुणीच नाही. त्यांनी गृहीत धरलं आणि हिनं विचारलं नाही. गेल्या महिन्यात सासरे म्हणाले होते, “थोरल्याचं आता मार्गी लागलं,” आणि तिला वाटलं होतं दुकानाचं बोलतात. तिनं चहा पुढं केला होता.

तिनं नवा दोरा ओवला. मग, सही केलीच नाही तर? हा विचार तिनं उघडून बघितला. अकरा वाजता कचेरीत सगळे बसलेले, भावजी गाडी घेऊन आलेले, अक्का नवी साडी नेसलेल्या, कारकून कागद सरकवतो आणि ही म्हणते, मी न्हाय करत. पुढं? पुढं कुणी तिला मारणार नव्हतं. विरेश आवाज चढवणारा माणूस नव्हे. अक्का तिथंच पायरीवर बसतील आणि पदर तोंडात कोंबतील. आणि मग रोज सकाळी उठून याच घरात, याच माणसांना भाकरी वाढायची. मारणाऱ्या घरातून बाई निघून जाऊ शकते, चार लोकांना वळ दाखवू शकते. इथं काय दाखवायचं? तिनं अणदूरला आईला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रंजा, म्या काय सांगू गं? घरातल्या घरातच हाय की. परक्याला तर न्हाय दिली.” मागं कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. “तू रडू नकोस. दूध आटंल.” शिवरंजनीनं सांगितलं नाही की तनूचं अंगावरचं दूध तिनं पाडव्यालाच तोडलं.

नावासाठी तिनं पिवळा दोरा घेतला. इरकलीच्या निळ्यावर पिवळा उठून दिसतो. साखळी टाक्यानं ‘निकिता’ भरलं; वेलांट्या भरताना हात नेहमीसारखा वळला, त्याला काही कळलेलं नव्हतं. मग ती थांबली. विरेश भरायचं? उद्या अक्का ते उसवतील. त्यांना नीट उसवता येणार नाही, कापडाला भोकं पडतील. नागप्पा भरायचं? तिच्या बोटांनी ते तीन अक्षरांचं नाव आपल्या पोरीच्या पुढं, एकेक कडी करून, ओढून घट्ट करायचं? तिनं चार बोटं जागा सोडली आणि पुढं ‘बिराजदार’ भरून टाकलं. ते दोन्हीकडून खरं होतं. बाहेर ऊन उतरलं होतं, पत्रा तडतडायचा थांबला होता. झोपलेल्या तनूशिवाय घरात कुणी नव्हतं, दार उघडं होतं, आणि तिला वाटलं, या उघड्या दारातून मी नेमकी कुठं जाऊ?

पाचच्या सुमाराला सासरे, विरेशचे अप्पा, आले. निकिताला घेऊन ते जुन्या शाळेत दाखला आणायला गेले होते. माणिकप्पांनी टोपी खुंटीला लावली, दाखल्याची घडी देव्हाऱ्याजवळ ठेवली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि ओट्यावर बसले. निकिता पाणी प्यायला आत गेली.

“मामा,” शिवरंजनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “उद्याचा कागद शाळेचा न्हाय म्हणं.”

म्हाताऱ्यानं वर बघितलं. त्यांना बहुतेक वाटत होतं की हे सगळं केव्हाच बोलून झालं आहे. “विरेशनं सांगितलं न्हाय तुला?”

“आज सांगितलं.”

“गाढव हाय ते. तुझं काळीज मला कळत न्हाय का? कळतंय. पर थोरल्याच्या घरी जा, बघ, दोघं दोन खोल्यांत बसल्याली असत्यात. एकमेकाशी बोलत न्हाईत. पोरगी गेली की ते घर जागं हुतं. तुला देवानं दोन दिल्या.” मग आजवर तिच्यासाठी कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ओट्यावरून उठून, त्या वयात, सुनेपुढं हात जोडले. “तुझ्यामुळं त्या घरात दिवा लागतोय, रंजा. म्या तुझ्या पाया पडायला पायजे.”

“मामा, असं करू नका,” ती घाईनं म्हणाली आणि त्यांचे हात धरून खाली केले. ते सुरकुतलेले, गरम हात. जोडलेल्या हातांना नाही कसं म्हणतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला या चांगल्या माणसांचा राग आला. त्यांनी समाधानानं मान हलवली, चहा नको म्हणाले आणि मठाकडं निघून गेले.

निकिता ओठ पुसत बाहेर आली आणि पाऊचवर झडप घातली. नाडी सोडून तिनं तो फरशीवर उलगडला. कप्प्यांत बोटं घालून बघितली, उथळ कप्पा सापडला तेव्हा तिनं कंपासातून तपकिरी पेन्सिल आणून आत सोडली, दोन बोटांनी काढली, पुन्हा सोडली. “बरोबर बसतीय!” मग तिनं पाऊच उलटा केला आणि पिवळ्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. “निकिता. बिराजदार. मधी जागा का सोडलीस?”

“राहिलंय भरायचं.”

“काकांचं नाव टाकायचंय ना तिथं?” निकिता सहज म्हणाली. आणि मग जीभ चावून तिच्याकडं बघत राहिली.

शिवरंजनीनं पायाच्या अंगठ्यातली झोळीची दोरी सोडवली. “तुला कुणी सांगितलं?”

“पप्पांनी. सुट्टी लागली तवाच.” पोरीनं मान खाली घातली. “तुला सांगू नको म्हणले. तू रडशील म्हणून.”

म्हणजे चाळीस दिवस. चाळीस दिवस ही नऊ वर्षांची पोरगी तिच्या शेजारी झोपत होती, तिच्याकडून वेणी घालून घेत होती, यादीतल्या पेन्सिली मोजून देत होती, आणि आईला रडू येऊ नये म्हणून तोंड मिटून होती. या घरात सगळ्यात चांगलं कुणी गुपित सांभाळलं असेल तर ते हिनं. शिवरंजनीनं तिला जवळ ओढलं. केसांना उन्हाचा आणि शाळेच्या व्हरांड्यातल्या धुळीचा वास येत होता.

“तुला जायचंय का गं?” तिनं विचारलं. हा प्रश्न दिवसभरात कुणी कुणालाच विचारला नव्हता.

निकितानं खांदे उडवले. “मोठी आई रडती ना, मी न्हाय गेले तर.” मग चित्रकलेच्या वहीत रंग कुठं कुठला ते सांगावं तसं ती सांगू लागली. “मोठ्या आईला नुसतं आई म्हणायचं. काकांना पप्पा. पप्पांना काका. तनू तनूच.”

“आणि मला?”

“काकी.”

“येतंय का म्हणायला?”

“येतंय की.” निकिताच्या आवाजात थोडी ऐट आली. “मी रोज म्हणून बघते. न्हाणीत, नळ सोडून. म्हणू?”

शिवरंजनीनं पाऊचची नाडी बोटाभोवती गुंडाळली. पोरीनं तेच व्हय धरलं. ती उठली, चार पावलं मागं जाऊन दाराशी उभी राहिली आणि तिथून पुन्हा म्हणाली, “तू तिकडं बघ ना, भिंतीकडं. तू बघितलंस की तोंडात आईच येतं.”

शिवरंजनीनं तोंड फिरवलं. समोर भिंतीचा पोपडा निघालेला, त्यावर टांगलेलं कॅलेंडर, उद्याच्या तारखेभोवती विरेशनं केलेला गोल. मागं पोरीनं श्वास घेतला तो तिला ऐकू आला.

“काकी.”

शब्द स्पष्ट आला, अडखळला नाही. निकिता हललीसुद्धा नाही. बरोबर आलं की नाही, ते कुणीतरी सांगेल म्हणून ती उभी होती, आणि जितका वेळ जात होता तितका तिचा श्वास छातीत अडकत चालला होता. आता उत्तर आलं नाही तर ती घाबरणार, हे शिवरंजनीला पाठीकडूनही दिसत होतं.

“ओ,” ती म्हणाली.